चार प्लग, एका रांगेत

ऑक्सफर्डहून लंडनला जायचं असलं की मी मोटरवे टाळतो आणि जुना ए४० रस्ता धरतो. टेट्सवर्थ, पोस्टकोम ही खेडी मागे पडली की समोर चिल्टर्नचे डोंगर येतात आणि अ‍ॅस्टन हिलचा चढ सुरू होतो. दोन्ही अंगांना बीचची दाट झाडी आणि वर घिरट्या घालणाऱ्या लाल घारी. गेल्या ऑक्टोबरात याच चढावर माझी एमजीबी मिसिंग मारू लागली. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की इंजिन अडखळायचं, पाय सैल केला की पुन्हा सुरळीत. दुसरा गिअर टाकून, तिच्या कलाने घेत कसाबसा चढ संपवला, स्टोकनचर्चला गाडी कडेला घेतली आणि बॉनेट उघडलं. पेट्रोल येत होतं, वायरी जागेवर होत्या. प्लगवर संशय घ्यायला मन धजेना, कारण चारही प्लग चारच दिवसांपूर्वी घातलेले होते.

तिथूनच मामांना फोन लावला. मामा कोल्हापूरला असतात. पेट्रोल अ‍ॅम्बॅसिडर त्यांनी तीस वर्षं चालवली आणि बहुतेक दुरुस्तीही स्वतःच केली. त्यांनी एकच विचारलं, "प्लग काढून बघितलेस का?"

"मामा, नवीन आहेत हो."

"नवीन असू देत की. काढ, एका रांगेत मांड, आणि रांग मोडू नकोस. एक नंबरचा एकलाच, चारचा चारलाच. मग मला सांग, कुठला कसा दिसतोय."

इंग्लंडातल्या या स्पोर्ट्स कारबद्दल कोल्हापुरातून सल्ला घेणं मला कधी विचित्र वाटलं नाही, आणि त्याला कारण आहे. अ‍ॅम्बॅसिडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. तिच्या बॉनेटखाली वर्षानुवर्षं होतं ते १४८९ सीसीचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) ‘बी सिरीज’ घराण्यातलं. १९५५ साली आलेल्या एमजीए या स्पोर्ट्स कारमध्येही १४८९ सीसीचंच बी सिरीज इंजिन होतं. पुढे ते वाढवून १७९८ सीसीचं केलं, तेच १९६२ सालच्या एमजीबीत आलं. म्हणजे मामांची अ‍ॅम्बॅसिडर आणि माझी दोन सीटांची उघडी गाडी यांची इंजिनं चुलत भावंडं. तेच ओतीव लोखंडाचं हेड, तोच एक-तीन-चार-दोन असा ठिणगीचा क्रम.

स्टोकनचर्चच्या त्या थांब्यावर वर्तमानपत्र पसरून मी चार प्लग मांडले. एक आणि चार ठीक दिसत होते. दोन नंबरचा काळा आणि ओलसर होता. तीन नंबरच्या मधल्या इलेक्ट्रोडभोवतीची चिनी माती एका बाजूला काळवंडलेली, दुसऱ्या बाजूला पांढरी. मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हे इंजिनाचं दुखणं नाही वाटत मला. प्लगचंच आहे. कुठून घेतलेस?"

इंटरनेटवरून घेतले होते. डबा ओळखीचा, नाव ओळखीचं आणि किंमत दुकानापेक्षा निम्मी.

---

दुसऱ्या दिवशी ते चार प्लग घेऊन मी अ‍ॅबिंग्डनजवळच्या एका खेड्यात गेलो. तिथे सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त मेकॅनिक राहतात आणि घरामागच्या शेडमध्ये अजूनही ओळखीच्यांच्या गाड्या बघतात. एमजीच्या माणसासाठी अ‍ॅबिंग्डन हे गावच वेगळं. १९२९ साली मॉरिस गॅरेजेसचा, म्हणजेच एमजीचा, कारखाना ऑक्सफर्डहून इथल्या चामड्याच्या जुन्या कारखान्याच्या जागेत आला आणि १९८०च्या ऑक्टोबरात बंद पडला. मधल्या काळात एकट्या एमजीबीच पाच लाखांहून जास्त बाहेर पडल्या. मुख्य इंजिनिअर सिड एनेव्हर आणि बॉडीचं डिझाइन करणारे डॉन हेटर यांच्या हातची ही गाडी. कारखाना गेला, पण एमजी कार क्लबची कचेरी गावातच, सेमेटरी रोडवर आहे. तिचं नाव किम्बर हाउस, एमजी ज्यांनी उभी केली त्या सेसिल किम्बर यांच्यावरून.

म्हाताऱ्यांनी माझा एक प्लग हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि खणातून त्याच नंबरचा दुसरा प्लग काढून शेजारी ठेवला. काही न बोलता त्यांनी मला दोन्हींकडे बघू दिलं. त्यांच्या प्लगवरची छपाई ठसठशीत होती, माझ्यावरची पुसट. त्यांच्या प्लगची बाजूची वाकडी पट्टी मधल्या इलेक्ट्रोडच्या बरोबर डोक्यावर होती, माझी कडेला सरकलेली. माझ्या प्लगचं वॉशर त्यांनी बोटांनी ओढलं तर आट्यांवरून सरळ निघून हातात आलं. अस्सल प्लगचं वॉशर असं येत नाही, ते कारखान्यातच अडकवलेलं असतं. मग मल्टिमीटर लावला. मी घेतलेल्या प्लगमध्ये आत रोध असायला हवा होता, साधारण पाच हजार ओमचा. एकात तो होता, दोनांत जवळजवळ नव्हताच, आणि दोन नंबरच्यात सर्किटच तुटलेलं निघालं. इलेक्ट्रोडमधली गॅप मोजली तर ३०, ३४, २२ आणि ३१ थाऊ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग. चार सिलिंडरांत चार तऱ्हा.

हीच गाडी सपाटीवर ठीक पळत होती आणि चढावर अडखळत होती, याचाही उलगडा झाला. प्लगच्या दोन टोकांमध्ये ठिणगी पडते ती दाबाखालच्या हवा-पेट्रोलच्या मिश्रणातून. सपाटीवर थ्रॉटल थोडा उघडा असतो, सिलिंडरमध्ये मिश्रण कमी असतं, दाब कमी असतो. चढावर पाय पूर्ण दाबला की सिलिंडर काठोकाठ भरतं, दाब वाढतो आणि तेवढंच अंतर ओलांडायला ठिणगीला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. गॅप मोठी असेल किंवा आतून फट गेली असेल तर ते व्होल्टेज दुसरी सोपी वाट शोधतं. म्हणून दुबळा प्लग नेहमी चढावर उघडा पडतो.

बनावट प्लगांचा धंदा जगभर चालतो आणि ज्या कंपनीचं नाव मोठं तिच्याच डब्याची नक्कल होते. त्यात त्या कंपनीचा दोष नाही. निम्म्या किमतीला भुललो तो मी. चार अस्सल प्लग इंग्लंडात पंधरा पौंडांच्या आत मिळतात. ज्या इंजिनाचं हेड उतरवायला शेकडो पौंड लागतात, तिथे सात पौंड वाचवायला जाणं चूक होतं.

---

मग घालायचे कोणते? एमजीबीच्या हँडबुकात चॅम्पियनचा एन९वाय हा प्लग सांगितलेला आहे. आज तो एन९वायसी म्हणून मिळतो. शेवटच्या ‘सी’चा अर्थ मधल्या इलेक्ट्रोडच्या पोटात तांबं आहे. जपानी एनजीकेचा त्याच तोडीचा प्लग म्हणजे बीपी६ईएस. मला विचाराल तर यांपैकी कुठलाही एक घ्या आणि विषय संपवा. पण त्या अक्षर-आकड्यांत काय आहे हे कळल्याशिवाय मालकाने प्लग घेऊ नये, असं माझं मत आता पक्कं झालं आहे.

बीपी६ईएसमधला ‘बी’ म्हणजे आट्यांचा व्यास १४ मिलिमीटर. ‘ई’ म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर, पाऊण इंच. ही लांबी सगळ्यात आधी बघायची. त्याच काळातल्या ट्रायम्फ टीआर४ला अर्ध्या इंचाचे आटे लागतात, आणि एका शेडमध्ये दोन्ही गाड्या असल्या की प्लगांची अदलाबदल होणं अवघड नाही. पाऊण इंचाच्या भोकात अर्ध्या इंचाचा प्लग बसवला तर ठिणगी बोगद्यात पडते आणि हेडचे उघडे राहिलेले आटे काजळीने भरतात. पुढे बरोबर लांबीचा प्लग घालायला जावं तर तो आट्यांवर अडतो. उलट, आखूड भोकात लांब प्लग घातला तर बाहेर आलेले आटे लाल होईपर्यंत तापतात, आणि नशीब वाईट असेल तर पिस्टन येऊन धडकतो.

‘पी’ म्हणजे नाक पुढे आलेलं. चिनी मातीचं टोक आट्यांच्या कडेबाहेर, जळणाच्या खोलीत डोकावतं. सावकाश चालवताना ते लवकर तापून स्वतःवरची काजळी जाळतं आणि वेगात आत येणाऱ्या ताज्या मिश्रणाने थंड होतं. गावातही फिरणाऱ्या आणि रविवारी डोंगरातही जाणाऱ्या गाडीला असंच नाक हवं. शेवटचा ‘एस’ म्हणजे साधा, तांब्याच्या गाभ्याचा.

राहिला ‘६’, आणि सगळे घोळ याच आकड्यावरून होतात. हा प्लगच्या उष्णतेचा दर्जा. गरम प्लग घातला म्हणून इंजिन गरम होत नाही, प्लगचं स्वतःचं नाक गरम राहतं. नाकाचा चिनी मातीचा भाग लांब असला की उष्णतेला हेडच्या लोखंडापर्यंत पोचायला लांबची वाट पडते, नाक तापलेलं राहतं. तो भाग आखूड असला की उष्णता पटकन निघून जाते, प्लग थंड राहतो. नाकाचं तापमान साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर राहायला हवं, नाहीतर काजळी आणि तेल जळत नाही आणि प्लग शॉर्ट होतो. बजाजच्या टू-स्ट्रोक स्कूटरवर ज्यांनी कामावर जाता जाता रस्त्यात प्लग काढून पॉलिश पेपरने घासला आहे त्यांना हे सांगायला नको. वरची मर्यादा ८५० अंशांच्या आसपास. त्यापुढे नाकच निखारा होतं, ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतं आणि पिस्टनला भोक पाडू शकतं.

आता गोम अशी की एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड होतो आणि चॅम्पियनमध्ये आकडा वाढला की गरम. बॉशचीही रीत चॅम्पियनसारखीच. म्हणजे एनजीकेत एक पायरी थंड जायचं तर ६वरून ७वर जायचं आणि चॅम्पियनमध्ये ९वरून खाली उतरायचं. दुकानदाराने "एक नंबर वरचा देतो" म्हटलं की आधी कंपनी विचारावी.

काही मालक मात्र मुद्दाम ७ नंबर घालतात, आणि त्यांचं कारण ऐकण्यासारखं आहे. किल्ली बंद केल्यावरही एमजीबीचं इंजिन दोन-चार सेकंद धडधडत राहतं, ही तिची जुनी खोड. आतल्या तापलेल्या काजळीवर मिश्रण पेटत राहतं म्हणून हे होतं. मग वाटतं की प्लगच निखाऱ्यासारखा तापत असणार, थंड घालावा. मी म्हाताऱ्यांना हेच विचारलं. ते म्हणाले, "तुमचं आयडलिंग किती ठेवलंय ते आधी बघा. मग टायमिंग बघा. मग पेट्रोल चांगल्या ऑक्टेनचं घाला. आणि एवढं करूनही थांबलं नाही तर हेड उतरवून काजळी खरवडा. बिचाऱ्या प्लगला हात लावू नका." शर्यतीत पळणाऱ्या किंवा हेड घासून दाब वाढवलेल्या इंजिनाला थंड प्लग लागतो, हे खरं. रस्त्यावरच्या मूळ इंजिनात ७ नंबर घातला तर गावातल्या फिरण्यात तो काळा पडतो आणि धडधड थांबत नाही ती नाहीच.

नंबरात मध्येच ‘आर’ आला, बीपीआर६ईएस, तर आत रोध असतो. ठिणगी म्हणजे एक छोटं रेडिओ स्टेशनच. ब्रिटनमध्ये टीव्ही घरोघरी पोचू लागला तेव्हा रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांमुळे पडद्यावर खरखर उमटायची, म्हणून १९५२ साली इग्निशनचा हा उपद्रव आवरायचे नियमच झाले. तो रोध वायरीत ठेवता येतो, कॅपमध्ये ठेवता येतो किंवा प्लगमध्ये. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवलं असेल तर ‘आर’ घ्यावा, कारण त्या किटला ही खरखर सोसत नाही. साधे पॉइंट असतील तर दोन्ही चालतात. इरिडियमच्या प्लगाबद्दल माझं मत प्रतिकूल आहे. तो वाईट नाही. त्याचं सुईसारखं टोक फार हळू झिजतं आणि ज्या आधुनिक गाडीत प्लगपर्यंत हात पोचायलाच तास लागतो तिथे त्याचं मोल आहे. एमजीबीचे चारही प्लग बॉनेट उघडल्यावर समोर रांगेत दिसतात, दहा मिनिटांत हातात येतात. हँडबुकानुसार ते ६००० मैलांना साफ करायचे आणि १२,००० मैलांना बदलायचे. जे वारंवार काढून बघायचंच आहे, ते दीर्घायुषी असण्यासाठी तिप्पट पैसे कशाला?

गॅप २५ थाऊ. म्हणजे इंचाचा चाळिसावा भाग, सुमारे ०.६४ मिलिमीटर. अमेरिकेला गेलेल्या नंतरच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या एमजीबींना ३५ थाऊ असते. जुन्या ल्युकास कॉइलला आणि पॉइंटना २५च मानवते. डब्यातून आलेला प्लग बहुधा याहून मोठ्या गॅपचा असतो, म्हणून नवा प्लगसुद्धा फीलर गेजने मोजूनच घालायचा. बाजूची पट्टी हलक्या ठोक्याने खाली आणायची. मधल्या इलेक्ट्रोडला टेकू देऊन काही करायचं नाही, चिनी माती तडकते.

---

प्लग निवडणं हे इंग्लंडात एके काळी शास्त्रज्ञांचं आणि शर्यतवीरांचं काम होतं. विजेच्या लहरींवर काम करणारे सर ऑलिव्हर लॉज यांच्या मुलांनी लॉज प्लग काढले, ते पुढे रग्बी गावात बनत. केनेल्म ली गिनेस या शर्यतवीराला शर्यतीत टिकणारा प्लग मिळेना म्हणून त्याने स्वतःच बनवायला घेतला. त्याच्या आद्याक्षरांवरून केएलजी हे नाव पडलं आणि १९२२ साली ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ताशी १३३.७५ मैलांचा जागतिक विक्रमही त्यानेच केला. केएलजीच्या प्लगमध्ये चिनी मातीऐवजी अभ्रकाचे थर असत. त्या काळी जगातला पत्र्याचा उत्तम अभ्रक मुख्यतः भारतातून, कोडरमाच्या पट्ट्यातून जाई. पुढे अ‍ॅल्युमिनाची चिनी माती आली आणि अभ्रक मागे पडला. आता लॉज आणि केएलजीचे जुने डबे जत्रांमध्ये संग्राहक घेतात.

---

म्हाताऱ्यांनी त्या दिवशी मला आणखी एक वस्तू दाखवली. काचेचा प्लग. ‘कलरट्यून’ या नावाने गन्सन कंपनी तो विकते. आट्यांच्या वर चिनी मातीच्या जागी पारदर्शक काच असते आणि जळणाच्या खोलीतला जाळ डोळ्यांनी दिसतो. इंजिन गरम झाल्यावर त्यांनी शेडचा दिवा मालवला आणि दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये तो बसवून इंजिन चालू केलं. काचेत पिवळा जाळ लखलखू लागला. रॉकेलच्या स्टोव्हची वात वर चढवल्यावर जाळ जसा पिवळा होऊन भांड्याला काजळी धरते तसा. पेट्रोल जास्त होतं. एमजीबीला एसयूचे दोन कार्बोरेटर असतात, पुढचा एक-दोनला पाजतो, मागचा तीन-चारला. त्यांनी पुढच्याच्या बुडाशी असलेला षट्कोनी नट एक पैलू वर फिरवला. पिवळा रंग विरळ झाला. आणखी एक पैलू. जाळ निळा झाला, गॅसच्या शेगडीसारखा स्वच्छ निळा. आणखी अर्धा पैलू फिरवला तेव्हा निळ्यातला रंगच उडाला, पांढुरका झाला आणि इंजिन थरथरलं. ते अर्धा पैलू मागे आले.

"प्लगचा रंग हाच," ते म्हणाले, "फक्त तो गाडी चालवून आल्यावर दिसतो आणि हा चालू असताना."

जुन्या पुस्तकांत चांगल्या प्लगचा रंग बिस्किटासारखा किंवा दुधाच्या कॉफीसारखा सांगितलेला असतो. त्या रंगात पेट्रोलमधल्या शिशाचाही वाटा होता. भारतात आणि ब्रिटनमध्ये शिसं २००० सालच्या सुरुवातीला गेलं. आताच्या पेट्रोलवर प्लग फिकट राखाडी दिसतो आणि नवखा माणूस "मिश्रण पातळ झालं" म्हणून घाबरतो. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलं, भारतात २० टक्के. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या सेटिंगवरचा कार्बोरेटर त्या पेट्रोलवर थोडा पातळ पाजतो, प्लग आणखी फिका पडतो. त्यावर उपाय कार्बोरेटरच्या नटात आहे. प्लगच्या नंबरात नाही.

कोरडी मऊ काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा चोक अडकलेला. तेलकट, चकचकीत काळा असेल तर पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्हच्या गाइडमधून तेल येतंय. नाक पांढरंफटक, त्यावर बारीक फोड, इलेक्ट्रोडच्या कडा वितळल्यासारख्या, असं दिसलं तर गाडी तिथेच थांबवावी. टायमिंग फार पुढे आहे किंवा कुठूनतरी जादा हवा खेचली जातेय. एमजीबीत पेट्रोलची वाट दोन-दोन सिलिंडरांना सामाईक असल्याने कडेचे दोन आणि मधले दोन यांच्या रंगात जरासा फरक राहतो. तो राहू द्यावा. पण एकटाच एक वेगळा दिसला तर दुखणं त्याच सिलिंडरचं. म्हणून मामा म्हणत होते, रांग मोडू नकोस. क्रम मोडला की चार प्लग म्हणजे नुसते लोखंडाचे चार तुकडे, कुठला कुठून आला हे कोण सांगणार?

मी बीपी६ईएस घेतले, गावातल्या दुकानातून. गॅप २५ थाऊ केली, हाताने फिरवत वॉशर टेकेपर्यंत नेले आणि मग पान्याने अर्ध्याहून थोडा जास्त फेरा दिला. पुढच्या रविवारी अ‍ॅस्टन हिलवर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये न अडखळता चढली. वर पोचल्यावर मामांना फोन केला. ते म्हणाले, "आता हजार मैलांनी पुन्हा काढ आणि फोटो पाठव. रांगेतच."

तुमच्याकडे, किंवा तुमच्या काकांच्या, आजोबांच्या गॅरेजात, ताडपत्रीखाली एखादी अ‍ॅम्बॅसिडर, हेरल्ड किंवा एमजी उभी असेल तर या दिवाळीच्या सुट्टीत एवढं करा: इंजिन थंड असताना वायरींवर नंबर टाका, प्लगच्या भोवतालची धूळ फुंकून काढा, चारही प्लग उतरवा आणि वर्तमानपत्रावर एक ते चार असे मांडून उजेडात बघा.